वारणेच्या दोन काठांवरच्या शाळा : आदेश पुरेल की तटस्थ मध्यस्थ लागेल?

निवृत्त मुख्याध्यापक, शिराळा तालुका

काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, वारणेच्या उत्तरेकडील सांगलीच्या आणि दक्षिणेकडील कोल्हापूरच्या जिल्हा परिषद शाळांनी एकत्र काम करावे यासाठी मध्यस्थाची गरजच नाही. दोन्ही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी संयुक्त पत्र काढले की आठ दिवसांत काम सुरू होईल. एकतीस वर्षे या नदीकाठी शिकवलेल्या माणसाला हे मुकाट्याने सोडून देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या शाळेत ऊसतोड मजुराची एक मुलगी तिसरीत बसत असे. जानेवारीत कारखान्याने टोळी पलीकडच्या काठावर हलवली आणि ती आमच्या हजेरीपत्रकावर सलग गैरहजर दिसू लागली. पुढे कळले की ती पलीकडच्या शाळेत रोज येऊन बसत होती, मात्र तेथे तिचे नाव नव्हते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड तिच्या आईच्या पेटीत होते. ते तिला कोणी मागितले नाही आणि ते कोठे द्यायचे हेही तिला कोणी सांगितले नाही. दोन शाळांमध्ये पुलाचे दहा मिनिटांचे अंतर आहे. तरीही त्या शाळेतील शिक्षकांशी मी तोवर एकदाही बोललो नव्हतो, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर पत्रही निघाले आणि बैठकही झाली. आमच्याच शाळेत, आमच्याच तालुक्याच्या अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. पलीकडचे शिक्षक दोन तास बसले आणि प्रत्येक मुद्द्यावर ‘वरिष्ठांना विचारून कळवतो’ एवढेच म्हणाले. त्यांना दोष देता येत नाही. अध्यक्षांच्या खुर्चीत जो बसतो तो एका बाजूच्या शिक्षकांचा गोपनीय अहवाल लिहितो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा काहीच अधिकार पोहोचत नाही, अशा सभेत मनातले कोण बोलणार?

म्हणून माझे म्हणणे असे की, मध्ये बसणारी व्यक्ती दोन्ही जिल्ह्यांबाहेरची असावी, उदाहरणार्थ तिसऱ्या जिल्ह्यातील ‘डाएट’चे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) निवृत्त अधिव्याख्याते. त्यांना तपासणीचा किंवा सहीचा अधिकार नसावा. त्यांनी आधी प्रत्येक शाळेशी स्वतंत्रपणे बोलावे, मग दोघांना समोरासमोर बसवावे, आणि इतिवृत्त दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय कोठेही पाठवू नये.

माजी केंद्रप्रमुख

सर, आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. १९९४ साली केंद्र योजना, म्हणजे शेजारच्या काही शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख, आली ती शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे यासाठीच. दर महिन्याला शिक्षण परिषद घेताना मी आदर्श पाठ, गणित पेटीची देवघेव, क्रीडास्पर्धा हे सर्व बाहेरच्या माणसाशिवाय घडवले आहे. जिल्ह्याची हद्द आडवी येत असेल तर कोल्हापूरचे विभागीय शिक्षण उपसंचालक दोन्ही जिल्ह्यांवर आहेतच. त्यांनी लक्ष घातले की प्रश्न मिटतो. तिसऱ्या जिल्ह्यातून पाहुणा आणून त्याच्यासमोर आपली उणीदुणी काढणे हा आम्हा पर्यवेक्षकांवर दाखवलेला अविश्वास आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, शाहूवाडी तालुका

आपण दोघे शिक्षकांच्या बाजूने बोलत आहात. मी पालक म्हणून बोलतो. ‘सहकार्य’ हा शब्द कानावर पडला की आम्हांला शाळेच्या दाराला लागलेले कुलूप दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची एक समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या १४,७८३ सांगितली गेली आणि पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण सर्वत्र दाखवले गेले. आमच्या वाडीचा पट अठरा आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पहिलीचे पोर शेजारच्या वाडीतही जाऊ शकत नाही, मग नदीपलीकडचे कशाला बोलता? मध्यस्थ गोड बोलून दोन शाळांची यादी एकत्र करील आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तीच यादी पाहून एक शाळा कमी करील.

माजी केंद्रप्रमुख

अध्यक्ष महोदय, ही निव्वळ भीती आहे. प्रस्ताव मागवणे म्हणजे शाळा बंद करणे नव्हे.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, शाहूवाडी तालुका

साहेब, ज्यांची मुले चालत शाळेत जातात त्यांच्या भीतीला ‘निव्वळ’ म्हणू नका. आपली मुले कोणत्या शाळेत शिकली, हे विचारण्याची वेळ माझ्यावर आणू नका.

उपशिक्षिका, मूळ गाव वाळवा तालुका

हद्दीचाच विषय निघाला आहे, म्हणून बोलते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची सेवा त्या जिल्ह्यापुरती असते. मी नऊ वर्षे घरापासून दूरच्या जिल्ह्यात काढली. आंतरजिल्हा बदली मिळाली तेव्हा माझी सेवाज्येष्ठता गेली आणि माझ्यानंतर डी.एड. झालेल्या मुलींच्या खाली माझे नाव लागले. सासूबाईंच्या आजारपणात मी जवळ नव्हते, ती गोष्ट वेगळीच. दोन जिल्ह्यांना सहकार्य करायचे असेल तर आधी शिक्षकाला हद्द ओलांडता आली पाहिजे.

विषय शिक्षक, पन्हाळा तालुका

ताईंशी पूर्ण सहमत आहे. बदलीच्या पोर्टलवर माझी तिसरी फेरीही कोरडी गेली. पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ ज्यांना मिळाला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण अविवाहित शिक्षकाला आईवडील नसतात का?

उपशिक्षिका, मूळ गाव वाळवा तालुका

सर, एकत्रीकरण हा लाभ नाही. माझ्या मुलाने पहिली चार वर्षे वडिलांना फक्त सुट्टीत पाहिले. आपल्या व्यथेसाठी दुसऱ्याची व्यथा कमी लेखू नये.

विषय शिक्षक, पन्हाळा तालुका

माझ्या वाक्याने आपण दुखावलात, त्याबद्दल क्षमा मागतो. ज्येष्ठतेबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे: सेवा एकाच राज्याची, मग ज्येष्ठता जिल्ह्याची का?

निवृत्त मुख्याध्यापक, शिराळा तालुका

बदलीचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. मात्र येथे मुलीचे नाव दोन हजेरीपत्रकांच्या मध्ये हरवले आहे. तिचा विचार करताना आपण पुन्हा आपल्याच सेवापुस्तकापाशी येऊन थांबलो आहोत. कृपया मूळ मुद्द्यावर या.

शिक्षिका, न्यूयॉर्क राज्य

मी कोल्हापूरची, गेली अनेक वर्षे येथील शाळेत शिकवते. या राज्यात १९४८ पासून ‘बोसिस’ (सहकारी शैक्षणिक सेवा मंडळ) नावाची व्यवस्था आहे आणि आज अशी ३७ मंडळे आहेत. शेजारचे शालेय जिल्हे, म्हणजे तेथील शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, त्यांच्यामार्फत व्यवसाय शिक्षण, विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग आणि शिक्षकांचे प्रशिक्षण मिळून चालवतात. कोणत्याही जिल्ह्याची शाळा त्यामुळे आपोआप बंद होत नाही. मात्र हे केवळ सौजन्यावर चाललेले नाही. सामाईक सेवेवर केलेल्या खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत देते. सहकार्य करणाऱ्याचे नुकसान होत नाही, म्हणून तो टेबलाशी येतो.

माजी केंद्रप्रमुख

तेथील पैसा आणि येथील खडूचा खर्च यांची तुलना करू नये. तरीही ताईंच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आपल्याकडे सहकार्य करणाऱ्याचे नुकसानच होते. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा. एकसष्टावरच्या शाळेने एक मूल शेजारच्या शाळेला दिले, तर तिचा एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. माझ्या केंद्रातील दोन मुख्याध्यापक जूनमध्ये एकाच घरी दाखलपात्र मूल मागायला गेले आणि अंगणात भांडले. मी ते भांडण मिटवले, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. खरे तर त्या वर्षी ते मूल तालुक्याच्या खासगी शाळेत गेले, म्हणून भांडण संपले.

निवृत्त मुख्याध्यापक, शिराळा तालुका

साहेब, हे आपण लिहिलेत याबद्दल आभार. आता मलाही माझ्या प्रस्तावातील उणीव मान्य केली पाहिजे. मी तटस्थ माणसावर इतका भर दिला की, दोन शाळा एकमेकींच्या पटाकडे का पाहतात हा प्रश्न मी बाजूला ठेवला होता. मध्यस्थ कितीही निःपक्षपाती असला, तरी त्याला संचमान्यता बदलता येत नाही. तेव्हा पहिली अट अशी असावी की, ऊसतोडीच्या हंगामात मूल पलीकडे बसले तरी त्याचे नाव मूळ शाळेच्या पटावर राहील, हजेरी दोन्हीकडे धरली जाईल आणि पलीकडच्या शाळेला त्याच्या पोषण आहाराचा व पुस्तकांचा हिशेब स्वतंत्रपणे मिळेल. दुसरी अट अशी की, या बैठकांतील कोणतीही आकडेवारी शाळांच्या समायोजनाच्या, म्हणजे एकत्रीकरणाच्या, प्रस्तावाला जोडली जाणार नाही. या दोन्ही गोष्टी उपसंचालकांनी लेखी द्याव्यात. आदेशाची गरज तेथे आहे, एवढे मी मान्य करतो. बोलणे घडवण्यासाठी मात्र मला अजूनही बाहेरचाच माणूस हवा.

माजी केंद्रप्रमुख

लेखी हमी आली तर बाहेरच्या माणसाला माझा विरोध राहणार नाही. त्याने केंद्रप्रमुखाला खोलीबाहेर बसवू नये, एवढेच.

निवृत्त मुख्याध्यापक, शिराळा तालुका

पहिल्या बैठकीला बाहेर, दुसरीपासून आत. याहून अधिक मला देता येणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, शाहूवाडी तालुका

दुसरी अट कागदावर आली आणि त्या कागदाची प्रत आमच्या समितीच्या दप्तरी लागली, तर मी येतो. पालकांमधून दोन माणसे आणीन आणि त्यांत एक बाई असेल, कारण टोळीतल्या बायकांशी तीच बोलू शकते. बैठक तुमच्या शाळेत नको आणि आमच्याही नको. पुलाजवळच्या देवळाच्या ओवरीत बसू. मात्र कारखान्याचे मोळीपूजन होऊन हंगाम सुरू होण्याआधी बोलवा; एकदा कोयता चालू झाला की ती मुले कोणत्या काठावर आहेत, हे शोधण्यातच हंगाम जातो.