कोपराला लीग कळत नाही

बेसबॉलच्या एका चर्चेत कुणीतरी म्हणालं, 'दुखापतीचा इतिहास असलेल्या पिचरला (बॉल टाकणाऱ्या खेळाडूला) मायनरमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये, दोन पूर्ण सीझन काढल्याशिवाय वर मेजरमध्ये आणूच नये'. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. बॉल टाकण्याच्या प्रकारांची विविधता, कंट्रोल तिथे घोटून घ्यावं, मान्य. पण कोपरातल्या लिगामेंटला बॉल ट्रिपल-एमध्ये (मायनरच्या सर्वांत वरच्या पातळीवर) टाकला की मेजरमध्ये, हे थोडंच कळतं?

पिचर गॅरेट क्रोशेचं उदाहरण त्या चर्चेत कुणी घेतलं नाही. शिकागोच्या व्हाइट सॉक्स टीमनं त्याला २०२० मध्ये ड्राफ्ट केलं (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत घेतलं) आणि मायनरची एकही मॅच न खेळवता त्याच सप्टेंबरात थेट वर आणलं (कोविडमुळे त्या वर्षी मायनर सीझन झालाच नव्हता). २०२२ मध्ये टॉमी जॉन सर्जरी (कोपरातलं फाटलेलं लिगामेंट बदलण्याची शस्त्रक्रिया) झाली. म्हणजे घाई नडली, असं वाटेल. पण २०२४ मध्ये त्याला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) केलं ते मेजरमध्येच, आणि सीझनच्या उत्तरार्धात हातावर ताण येऊ नये म्हणून त्याला बहुतेक वेळा चार किंवा त्याहून कमी इनिंग्जनंतर (मॅच नऊ इनिंग्जची असते) काढत राहिले. एकूण १४६ इनिंग्ज, २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). पुढच्या वर्षी बोस्टनच्या रेड सॉक्स टीमकडून दोनशेच्या वर इनिंग्ज टाकल्या पठ्ठ्यानं! अर्थात, व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ मॅच हरले. त्याला लवकर काढायला त्यांचं जात काय होतं म्हणा. प्लेऑफच्या शर्यतीतल्या टीमला हे परवडलं असतं का, शंकाच आहे.