सीरियन निर्वासित मुलाला जर्मनीत लोकसेवेत यायचंय, सुरुवात कुठून करावी?

श्वाबेनकर:
मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. इथे निर्वासितांना जर्मन बोलायचा सराव व्हावा म्हणून दर आठवड्याला गप्पांचा कट्टा भरतो, तिथे मी मदतीला जातो. त्यात एक सीरियन मुलगा येतो. बाविशीचा आहे, गोदामात रात्रपाळी करतो, जर्मनची बी1 ही मधली पातळी झालीय. परवा म्हणाला, "मला रियान अल्शेब्लसारखं महापौर व्हायचंय." अल्शेब्ल म्हणजे सीरियातून निर्वासित म्हणून येऊन इथल्या एका गावात महापौर म्हणून निवडून आलेला तरुण. डोळ्यांत इतकी आस होती की वेळ मारून नेणारं उत्तर द्यायला जीभ रेटेना. मी स्वतः भारतीय पासपोर्टवाला, मला इथे मतदानाचाही हक्क नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत थांब म्हणू, की एखाद्या पक्षात जा म्हणू? कुणी इथल्या नगरपालिकेत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

खिडकी_क्रमांक_दोन:
दादा, पक्षाचं नंतर बघू. आधी त्याला राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या पालिका कचेरीत, आउसबिल्डुंगसाठी (कामासोबतच्या पगारी प्रशिक्षणासाठी) अर्ज करायला लावा. मी तुमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका लहान राटहाउसमध्ये नोंदणीच्या खिडकीवर बसते, म्हणून ठामपणे सांगते.

अल्शेब्ल म्हटलं की सगळ्यांना 2015 साली तुर्कस्तानातून लेस्बॉस या ग्रीक बेटावर आणणारी रबरी होडी आठवते. सक्तीची लष्करभरती टाळायला विशीतला पोरगा सीरियातलं सुवैदा सोडून निघाला, ते धाडस मोठंच. पण मतं मिळाली ती पुढच्या वर्षांतल्या कामावर, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मन शिकून तो अल्थेंगश्टेट गावच्या राटहाउसमध्ये प्रशासनाची आउसबिल्डुंग करायला लागला आणि नंतर तिथेच नोकरीला राहिला. 2022 मध्ये नागरिकत्व मिळालं. एप्रिल 2023 मध्ये शेजारच्याच, सुमारे 2,500 वस्तीच्या ऑस्टेल्सहाइम गावात तो अपक्ष उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत 55.41 टक्के मतं घेऊन निवडून आला. वय 29. घरोघरी फिरून बोलला ते पाळणाघराच्या सोयीच्या वेळांबद्दल आणि राटहाउसची कामं ऑनलाइन करण्याबद्दल. आमच्या राज्यात महापौरपदाच्या उमेदवाराने त्याच गावात राहायलाच हवं असं नाही. तो तेव्हा अल्थेंगश्टेटला राहत होता, म्हणजे स्वतःला मतही देऊ शकत नव्हता!

आता तुमच्या मुलाचं. ही आउसबिल्डुंग तीन वर्षांची. थोडे दिवस शाळा, थोडे दिवस कचेरी, आणि पहिल्या वर्षापासून दरमहा 1,200 युरोंच्या वर पगार. यासाठी जर्मन नागरिकत्व लागत नाही, काम करायची परवानगी लागते. बी1वर भागणार नाही, निदान त्याच्या वरची बी2 पातळी हवी, कारण सरकारी पत्रांची भाषा इथल्या लोकांनाही जड जाते. सीरियातले शाळेचे दाखले श्टुटगार्टच्या रेगिरुंग्सप्रेझिडियुमकडून (विभागीय सरकारी कार्यालयाकडून) मान्य करून घ्यावे लागतील. हे काम आजच सुरू करा, वेळ खातं. बहुतेक ठिकाणी वर्ग सप्टेंबरात सुरू होतात आणि अर्ज आदल्या शरद ऋतूतच घेतात.

तीन वर्षांत त्याला एकेक खातं फिरवतात: नोंदणी, बांधकाम, हिशेब, समाजकल्याण. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलीला मी पहिल्यांदा खिडकीवर बसवलं तेव्हा एक आजोबा ओळखपत्र संपलं म्हणून आले. ते खुर्चीवर बसेपर्यंत तिने फॉर्म मोठ्या अक्षरात छापून ठेवला होता. पुढच्या वेळी आजोबांनी तिचं नाव घेऊन विचारलं, "ती आहे का?" गावात माणूस ओळखीचा होतो तो असा. परिषदेच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसलं की रस्त्याच्या एका खड्ड्यामागे किती पैशांची ओढाताण असते, तेही कळतं.

नागरिकत्वाची वाट बघत थांबायची गरज नाही. जून 2024 पासून आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. बी1, स्वतःच्या कमाईवर घर चालणं आणि 33 प्रश्नांची परीक्षा, त्यातले 17 बरोबर यावे लागतात. फी 255 युरो. आउसबिल्डुंग संपेपर्यंत तो तिथे पोचलेला असेल.

मोंटानाची_माया:
ताईंचं अगदी पटलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या आमच्या हेलेना शहरातले विल्मट कॉलिन्स लायबेरियातल्या यादवीतून 1994 मध्ये इथे आले. राज्याच्या बालसंरक्षण खात्यात काम केलं, नौदलाच्या राखीव दलात राहिले. 2017 मध्ये चार वेळा निवडून आलेल्या महापौरांना हरवलं. प्रचारात अग्निशमन दल, पोलीस आणि परवडणारी घरं हेच मुद्दे. मुलाला सांगा, यांना 23 वर्षं लागली.

रात्रपाळी:
मला थोडी काळजी वाटते. अल्शेब्लनाही प्रचारात काहींच्या तोंडून वाईटसाईट ऐकावं लागलं होतं. एका यशाकडे बघून पोराने नोकरी सोडली आणि अर्ज नाकारला गेला तर?

खिडकी_क्रमांक_दोन:
नोकरी अजिबात सोडू नये. बी2चे संध्याकाळचे वर्ग असतात, पण रात्रपाळी आड येईल, म्हणून दिवसपाळी मागून बघावी. आणि अर्ज एकाच गावात नको, आसपासच्या दहा राटहाउसना टाकावा. दरम्यान गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात नाव घालू दे, तिथे परदेशी पासपोर्ट चालतो. वाईट बोलणारे भेटतील, माझ्याही खिडकीवर येतात. पण मध्यरात्री तळघरात पाणी शिरल्यावर पंप घेऊन आलेल्या पोराचा पासपोर्ट कोणी विचारत नाही.

श्वाबेनकर:
ताई, मनापासून आभार. दाखल्यांचं भाषांतर अजून झालेलं नाही, ते आधी करून घेतो. अर्जासोबतच्या पत्रात त्याने सीरियातून निघाल्याची हकिगत लिहावी का?

खिडकी_क्रमांक_दोन:
एक ओळ पुरे. बाकी पान कट्ट्यावर तो नव्याने आलेल्यांचे फॉर्म भरून देत असेल तर त्याला द्या. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून देते.