विजेची मोटार तुमची, सूट कुणाच्या पैशाची?

सुदामानगरकर
आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. दसऱ्याला दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विजेची मोटार घेतली. गॅलरीतून सोडलेली वायर जास्वंदीवरून खाली येते, पार्किंगच्या पत्र्याखालून मोटारीपर्यंत जाते. वरची मंडळी कुंड्यांना पाणी घालतात, ते गळू नये म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावर श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घातलाय. आता त्यांचं म्हणणं, सोसायटीच्या फंडातून रीतसर चार्जिंग पॉइंट बसवा. मी विचारलं, बाकीच्या अकरा जणांनी का भरायचे? तर म्हणाले, "काका, हे देशासाठी आहे."

देशाचं नाव निघालं म्हणून हिशोब मांडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी, मोठीवर ४०, विजेच्या कुठल्याही मोटारीवर ५. म्हणजे मूळ किंमत दहा लाख असेल तर विजेची घेणाऱ्याचे १ लाख ३० हजार वाचतात. पंचवीस लाखांची मोठी घेतली तर पावणेनऊ लाख. ज्याची ऐपत जास्त, त्याला सूट जास्त! आणि याच इंदुरात २०१३ साली सुरू झालेला बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखीव रस्ता, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, तो काढून टाकायचं ठरलं. बसची वेगळी वाट मोडायची आणि मोटारवाल्याला सूट द्यायची, हे गणित मला तरी समजत नाही.

रात्रपाळी
काका, राग समजतो, पण सूट म्हणजे खिशातून दिलेला पैसा नव्हे. विजेच्या वाहनांना मदत देणारी केंद्राची ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. ती काढली दुचाकी, तिचाकी, बस यांच्यासाठी. खासगी चारचाकीला त्यातून एक रुपया नाही. आधीच्या फेम-२ योजनेतही चारचाकीला मदत मिळायची ती टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराला.

आता माझं सांगतो. पीथमपूरला कारखान्यात आहे, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. घरी चार्ज करतो, दिवसाचे साठ-सत्तर रुपये. पेट्रोलला साडेतीनशे लागायचे. रात्री साडेअकराला पाळी सुटते तेव्हा कुठली बस आहे ते दाखवा, मोटार उद्या विकतो. आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकारच पाडून ठेवत होतं. तेव्हा मोठ्या डिझेल गाड्या उडवणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, सूट कुणाच्या पैशाची?

सुदामानगरकर
विचारायला हवं होतं. तेव्हा नाही विचारलं म्हणून आताही विचारू नये, असं थोडंच आहे? आणि कर माफ केला काय नि पैसा दिला काय, तिजोरीला खड्डा तेवढाच.

मास्तर (निवृत्त, भौतिकशास्त्र)
दोघांनाही थोडं टोचेल असं लिहितो. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमागे कोळसा आहे. खंडव्याकडचं सिंगाजी केंद्र एकटं २,५२० मेगावॅटचं. देशातली एक युनिट वीज सरासरी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. मोटार किलोमीटरला ०.१५ युनिट खाते असं धरा, चार्जिंगमधली गळती धरून: १०५ ग्रॅम झाले. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, लिटरला १८ देणारी गाडी १२८ ग्रॅमवर येते. फायदा आहे, पण फार तर पाचव्या हिश्शाएवढा. आणि पेट्रोल-बॅटरी दोन्हींवर चालणारी, लिटरला २५ देणारी हायब्रिड? ९२ ग्रॅम! ती आज दोघांच्याही पुढे आहे, आणि जीएसटीत तिला काही माफी नाही.

रात्रपाळी
मास्तर, गणित बरोबर, पण अर्ध्यावर सोडलंत. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं हे तुमच्या १२८ मध्ये नाही. मोटार दहा-बारा वर्षं चालते. तोवर वीज बदलेल, पेट्रोल तेच राहील. रिव्यात ७५० मेगावॅटचं सौर आहे, ओंकारेश्वरला पाण्यावर पॅनेल तरंगताहेत. आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी.

मास्तर (निवृत्त, भौतिकशास्त्र)
पहिला मुद्दा मान्य, तो मी गाळला होता. पण जलूदची वीज तुमच्या मोटारीला नाही हो. ती नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला. तुमची आंघोळ सौर होणार, मोटार कोळशाचीच.

देवगुराडिया रोड
सगळे वीज वीज करताय. आपल्या शहराने काढलेली वाट कुणीच बघत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडियाला गोबरधन प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता, त्यातून १७,००० किलो बायो-सीएनजी. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीत आपण जी भोपळ्याची सालं वेगळी टाकतो, त्यावर बस पळते. बॅटरी बाहेरून आणायला नको, लिथियम नको. हा पैसा वाया गेला म्हणायची कुणाची छाती आहे?

मास्तर (निवृत्त, भौतिकशास्त्र)
प्रकल्प उत्तमच. फक्त मापात बघा. मोटार किलोला २५ किलोमीटर देते, रोज ४० चालते असं धरलं, तर एवढ्या गॅसवर दहा-साडेदहा हजार मोटारी निघतील. अख्ख्या शहराचा ओला कचरा आणि मोटारी एवढ्याच! तोच गॅस बसला दिला तर तीनेकशे बस दिवसभर धावतात. म्हणजे कचरासुद्धा बसचीच बाजू घेतोय.

पोहे-जलेबी
भिया, आधी पोहे खाऊन घ्या, मग भांडा. सेव जास्त.

मुक्ता_परदेशीपुरा
या धाग्यात सगळे मोटारवालेच दिसतात. मी रोज राजवाड्याला ई-रिक्षाने जाते, विजेवर जाणारं खरं वाहन तेच. परवा रिक्षावाल्याने सीट उचलून बॅटऱ्या दाखवल्या: चार, शिशाच्या, झाकणं उघडून बाटलीतून पाणी घालत होता. म्हणाला, वर्ष-सव्वा वर्षात बसतात, नवीन सेटला कर्ज काढतो. लिथियमची परवडत नाही. सरकारला सूट द्यायचीच असेल तर त्या चार डब्यांच्या जागी एक चांगली बॅटरी द्या. एका मोठ्या मोटारीवर सोडलेल्या करात अशा किती रिक्षा सुधारतील, ते मास्तरांनी सांगावं. (राजवाड्यापुढे त्या आडव्यातिडव्या उभ्या करतात त्याचा मलाही वैताग येतो. तो वेगळा धागा.)

घाट उतरणारा
पुण्याला सासर, म्हणून वर्षातून चार वेळा आग्रा-मुंबई रस्ता. मानपूरहून गुजरीला घाट उतरताना बॅटरीचा आकडा कमी होत नाही, उलट एक टक्का चढतो. मुलं टाळ्या वाजवतात. परत येताना तोच घाट व्याजासकट वसूल करतो. मागच्या वेळी सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावरचं चार्जर बंद, दुसऱ्यापुढे तीन गाड्या. सासूबाई गाडीत पाऊण तास बसून होत्या. त्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. गावात वापरायला विजेची झकास. पण सरकारचा पैसा मोटार विकायला जाण्यापेक्षा त्या चार्जरच्या दुरुस्तीला जावा, एवढंच मागणं.

रात्रपाळी
याला शंभर टक्के दुजोरा. आणि काका, तुमची बस येऊ दे ना, मी कधी नको म्हटलं? पण ई-ड्राइव्हमधल्या १४,०२८ बस चाळीस लाखांवर लोकवस्तीच्या नऊ शहरांना आहेत. मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत आहेत, इंदूर नाही. आपल्याला केंद्राच्या दुसऱ्या बस योजनेची, पीएम-ई-बस सेवेचीच वाट बघायची. तोवर मी पीथमपूरला चालत जाऊ?

सुदामानगरकर
चालत नका जाऊ. पण मोठ्या मोटारीवरच्या पावणेनऊ लाखांवर कुणी उत्तर दिलं नाही, हे नोंदवून ठेवतो. सुटीला किंमतीची कमाल मर्यादा घाला, मग माझी लहान मोटारीला हरकत नाही.

रविवारच्या सभेचा निकाल: भिंत सोसायटीची, मीटर, केबल आणि अर्थिंग दुसऱ्या मजल्यावरच्यांचं. पुढे कुणी गाडी घेतली तर त्याच पाइपातून वायर ओढायची, म्हणून पाइप जाड घालायचा. त्या जाडीचा वाढीव खर्च मात्र बाराजणांत. मी विरोधात हात वर केला, एकटाच होतो. वायरमन गुरुवारी येतोय. श्रीखंडाचा डबा आमचाच निघाला, हिने झाकणावरच्या खुणेवरून ओळखला.