कादंबरी पडद्यावर आणताना काय गाळावे?

प्रश्न (अंबाजोगाई)
आमच्या वाचनकट्ट्यावर जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचून झाली असून, आता पीटर जॅक्सन यांचे २००१ ते २००३ या काळात आलेले तिन्ही चित्रपट पाहून चर्चा करायचे ठरले आहे. एवढ्या मोठ्या कथेत काटछाट होणारच, हे सर्वांना मान्य आहे. मात्र कोणती काटछाट केवळ लांबी कमी करते आणि कोणती अर्थच बदलते, हे कसे ओळखावे? टॉम बॉम्बाडिल या अरण्यात राहणाऱ्या गूढ पात्राला गाळल्याचे काही सभासदांना फार वाईट वाटते. मला ते योग्य वाटले.

उत्तर (नांदेड)
गाळलेल्या प्रसंगाचे धागे पुढे कुठवर जातात, ते आधी पाहावे. जवळ बाळगणाऱ्याला मोहात पाडून भ्रष्ट करणारी अंगठी या कथेच्या केंद्रस्थानी आहे. बॉम्बाडिलवर तिचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो आला असता तर अंगठीची दहशत बसण्यापूर्वीच ओसरली असती. इथवर मी आपल्याशी सहमत आहे. परंतु त्याच्याबरोबर थडग्यांच्या टेकड्यांचे प्रकरणही गेले. तिथे हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, मिळालेली शस्त्रे अंगमारच्या दुष्ट राजाशी लढलेल्या लोकांनी घडवलेली असतात, आणि पेलेनॉरच्या रणांगणावर मेरी हा हॉबिट त्याच राजावर मागून वार करतो, तेव्हा शतकानुशतके मातीत पडून राहिलेल्या त्या पात्याचे काम पूर्ण होते. चित्रपटात ही शस्त्रे वाटेत त्यांचा वाटाड्या अ‍ॅरागॉर्न देतो, त्यामुळे मेरीचे धैर्य दिसते, पण त्या घावामागचा इतिहास दिसत नाही. याउलट, अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोच्या वाढदिवसानंतर तिचा वारस फ्रोडो घर सोडेपर्यंत पुस्तकात सतरा वर्षे जातात. चित्रपटाने तो काळ आक्रसला आणि त्यात काही बिघडले नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. गाळण्याइतकेच बदलण्याकडेही लक्ष द्यावे, असे मला वाटते. पुस्तकातला फॅरामिर हा सेनानी ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असे सांगतो आणि फ्रोडोला जाऊ देतो; चित्रपटातला फॅरामिर मोहात पडून त्याला ऑस्गिलिआथ शहरापर्यंत नेतो. जी वस्तू भल्याभल्यांना भुलवते असे दोन चित्रपट सांगत आहेत, ती एकाने सहज नाकारली तर प्रेक्षकाची भीती सैल होईल, हा पटकथाकारांचा विचार रंगमंचाच्या दृष्टीने मला पटतो. शिवाय शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोच्या वाटचालीला काहीतरी उत्कर्षबिंदू हवाच होता. तरीही मोह न होणारा एक साधा, सज्जन माणूस त्यात हरवला, याची हळहळ वाटते.

उत्तर (परभणी)
माझ्या मते खरा अर्थबदल शेवटी झाला आहे. पुस्तकात युद्ध जिंकून चौघे हॉबिट घरी येतात, तेव्हा शायर या त्यांच्या मायभूमीत झाडे तोडलेली, गावावर गुंडांचा अंमल बसलेला आणि शेजारी भेदरलेले असतात, आणि ते गाव त्यांना स्वतःच्याच बळावर सोडवावे लागते. चित्रपटात शायर जसेच्या तसे हिरवेगार राहते. हा भाग कथानकाचा अत्यावश्यक अंश असून तो आरंभापासूनच योजलेला होता, असे टोल्किन यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपल्यावर सीमेवरच्या छावण्यांतून गावी परतलेल्या माणसांच्या आठवणी मराठवाड्यातल्या अनेक घरांत सांगितल्या जातात. त्या ऐकत वाढलेल्या वाचकाला हे प्रकरण जोडलेले शेपूट वाटणे शक्य नाही. तिसरा चित्रपट आधीच तीन तासांहून मोठा होता, हे मान्य करूनही मी म्हणेन की, निरोपाचे एक-दोन प्रसंग आखडते घेऊन या प्रकरणाला जागा द्यायला हवी होती.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)
थडग्यांच्या टेकड्यांचा आणि मेरीच्या शस्त्राचा संबंध आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. पहिल्या बैठकीत ती दोन्ही प्रकरणे मोठ्याने वाचून मग पेलेनॉरचा प्रसंग पडद्यावर पाहू, आणि शायरच्या प्रकरणासाठी एक स्वतंत्र संध्याकाळ ठेवू. परभणीकरांनी त्या दिवशी अवश्य यावे.