मार्डी ग्रासला न्यू ऑर्लिन्स: आई-बाबा आणि लहान मुलगी सोबत, खोली कुठे घ्यावी?

कोरडी_चटणी
२०२७चा मार्डी ग्रास (न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलच्या मिरवणुकांचा शेवटचा दिवस) मंगळवारी, ९ फेब्रुवारीला आहे. ह्यूस्टनहून गाडीने जायचा विचार आहे. सोबत सत्तरीचे आई-बाबा (बाबांचे गुडघे धरतात) आणि सहा वर्षांची मुलगी. आई-बाबा शाकाहारी, अंडं चालतं. बर्बन स्ट्रीटचे (फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातली बारची गल्ली) व्हिडिओ बघून मुलीला न्यावं की नाही असं झालंय. फ्रेंच क्वार्टरमध्येच राहावं का? गाडी कुठे ठेवायची? आणि खायचं काय?

नदीकाठ
मोठ्या मिरवणुका फ्रेंच क्वार्टरमधून जातच नाहीत. गल्ल्या अरुंद, आग लागली तर बंब शिरणार कुठून, म्हणून १९७३पासून मोठे चित्ररथ तिथे बंद आहेत. बर्बन स्ट्रीटवरचा धिंगाणा बहुतांशी पर्यटकांचा. घरातली पोरंटोरं, आजी-आजोबा, घडीच्या खुर्च्या हे सगळं सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर, साधारण नेपोलियन ते जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूच्या पट्ट्यात. मुलीला बिनधास्त न्या.

खोली घेताना नकाशावर मिरवणुकीचा मार्ग आखून बघा. बहुतेक मिरवणुका नेपोलियनवरून सेंट चार्ल्सवर येतात आणि कॅनल स्ट्रीटकडे जातात. हा मार्ग आणि मिसिसिपी नदी यांच्यामध्ये जो भाग अडकतो त्याला तिथे ‘बॉक्स’ म्हणतात. एकदा मिरवणूक सुरू झाली की त्यातून गाडी बाहेर काढणं जवळपास अशक्य. म्हणून खोली सेंट चार्ल्सच्या लेकसाइडला, म्हणजे नदीच्या उलट, सरोवराच्या बाजूला, दोन-तीन ब्लॉक आत घ्या. (नदी वळणावळणाने वाहते, त्यामुळे तिथे उत्तर-दक्षिण कोणी सांगत नाही, लेकसाइड आणि रिव्हरसाइड याच दिशा.) बाबांसाठी चालत गाठता येईल असं स्वतःचं बाथरूम हीच खरी चैन. नाहीतर मार्गावरच्या काही चर्च आणि शाळा दिवसभराचा बाथरूम-पास विकतात, तो घ्या.

मिरवणुकीच्या दोन तास आधीपासून मार्गाच्या दोन्ही बाजूंना पार्किंग बंद होतं आणि गाडी खरोखर उचलून नेतात. ट्रामही त्या वेळी तेवढ्या भागात बंद असते. एरवी तिचं तिकीट सव्वा डॉलर.

रस्त्याच्या मधल्या हिरव्या पट्ट्याला ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात. शिड्या आणि रेटारेटी तिकडे जास्त. बाबांची खुर्ची फुटपाथच्या बाजूला, झाडाखाली लावा. मुलीसाठी वर पेटीसारखी बैठक असलेली शिडी मिळते. नियम असा की शिडी जितकी उंच तितकी ती रस्त्याच्या कडेपासून मागे हवी, म्हणजे सहा फुटी असेल तर सहा फूट. मागे एक मोठं माणूस धरून उभं राहायलाच हवं.

रथावरून मणी, नाणी, कप फेकतात. खाली पडलेली माळ हाताने उचलायला जाऊ नका, बोटं तुडवली जातात. आधी पाय ठेवायचा, मग वाकायचं. या मण्यांनी गटारंही तुंबतात: सेंट चार्ल्सच्या पाचच ब्लॉकमधून ९३ हजार पौंड मणी उपसल्याचं शहरानेच २०१८ साली जाहीर केलं होतं.

उलटा_तवा
वरचं सगळं बरोबर, पण या मंडळींना घेऊन मी शेवटचे चार दिवस सुचवणार नाही. शनिवारी एंडिमियन, रविवारी बॅकस, मंगळवारी सकाळी झुलू आणि रेक्स या सगळ्यात मोठ्या मिरवणुका, म्हणजे गर्दीचा कळस. बरीच हॉटेलं त्या दिवसांत किमान चार-पाच रात्रींचं बुकिंग मागतात. त्याऐवजी आधीचा आठवडा धरा, २९ ते ३१ जानेवारी. मार्ग तोच, शाळांचे बँडही असतात, गर्दी बरीच कमी. मधे खंड पडला की बाबांना उठून पाय मोकळे करता येतील. मुलीच्या कानांसाठी इअरमफ न्या. बँडचे ढोल हाताच्या अंतरावरून जातात.

किंग केक ६ जानेवारीपासून मिळतो. आत प्लास्टिकचं इवलं बाळ असतं, ज्याच्या तुकड्यात येईल त्याने पुढचा केक आणायचा. मुलीला आधी सांगून ठेवा, चावताना दाताखाली येतं.

भेंडी_फ्राय
खाण्याचं नीट विचारूनच घ्या. ‘गंबो’ (तिथला दाट रस्सा, भाताबरोबर खातात) हा शब्दच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलाय, पण भेंडी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका, रस्सा चिकनचा किंवा कोळंबीचा असतो. रेड बीन्स अँड राइस हुबेहूब राजमा-चावल दिसतं, त्यात बहुधा सॉसेज किंवा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. ‘हिरव्या भाज्यांचा गंबो’ म्हणतात त्यातही अनेकदा मांस असतं. ‘मांस आहे का’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ म्हणतील. रस्सा कशाचा आणि तळण कशातलं, हे वेगळं विचारा. सोपं म्हणजे खोलीत छोटा कुकर.

बेन्ये (तळलेले चौकोनी डोनट) मात्र निश्चिंत खा. एका प्लेटमध्ये तीन, वर पिठीसाखरेचा ढीग. घास घेताना श्वास आत ओढला की ठसका ठरलेला, आणि काळे कपडे नकोत. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, फिल्टर कॉफीवाल्यांना ओळखीची वाटेल.

कोरडी_चटणी
आधीचा आठवडा पक्का. बाबांना जॅझ ऐकायचंय, बारमध्ये न बसता.

नदीकाठ
प्रिझर्वेशन हॉल, १९६१पासूनचा. कार्यक्रम साधारण पाऊण तासाचा. साध्या तिकिटावर उभं राहावं लागू शकतं किंवा जमिनीवर बसावं लागतं. गुडघ्यांसाठी राखीव बाकाचंच तिकीट काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी काँगो स्क्वेअर बघा. गुलाम माणसं रविवारी तिथे जमून ढोल वाजवत आणि नाचत, जॅझची मुळं तिथवर जातात. गाडी आहेच, तर तासाभरावरचं व्हिटनी प्लँटेशनही (गुलामांकडून राबवून घेतलेला जुना मळा) करा. अशा बऱ्याच मळ्यांवर फक्त मालकाचा वाडा दाखवतात, इथे गुलामांची बाजू मुख्य आहे. चालणं उघड्यावर आहे, तेव्हा तिकीट सकाळचं घ्या.