मदत हवी आहे: अमेरिकेतल्या मुलांच्या पोटगीचे सरकारी आकडे जुळत नाहीत

आकडेमोड्या
अमेरिकेतल्या राज्यांच्या चाइल्ड सपोर्ट कार्यक्रमांची तुलना करतोय. संघीय कार्यालयाच्या वार्षिक तक्त्यांतून ओसीएसई-१५७ फॉर्मचे (राज्यं दरवर्षी भरतात तो चाइल्ड सपोर्टचा अहवाल) आकडे एक्सेलमध्ये उतरवलेत. अडलंय ते असं:
१) पितृत्व निश्चितीची टक्केवारी काही राज्यांत १०० च्या वर जाते. ओळ ६ भागिले ओळ ५ए हेच सूत्र ना?
२) सगळ्या राज्यांची ओळ १ (वर्षाखेरीस उघड्या केसेस) मिळवली तर देशातल्या एकूण केसेस मिळतील का?
३) जनगणना ब्युरोच्या पाहणीतली वसुली आणि ओळ २५ (चालू पोटगी म्हणून वाटप झालेले डॉलर) भागिले २४ (वर्षात देय असलेली चालू पोटगी) यांचा मेळच बसत नाही.

खतावणी
सूत्र बरोबर आहे, आणि १०० च्या वर जाणं ही चूकही नाही. वर आणि खाली दोन वेगवेगळे गट आहेत. ५ए म्हणजे *मागच्या* आर्थिक वर्षाच्या शेवटी उघड्या असलेल्या केसेसमधली, लग्नाबाहेर जन्मलेली मुलं. ओळ ६ म्हणजे *या* वर्षात केव्हाही किंवा वर्षाखेरीस उघड्या असलेल्या केसेसमधली, पितृत्व ठरलेली मुलं. जुलैमध्ये बंद झालेल्या केसमधलं मूल ६ मध्ये धरलं जातं, नव्याने आलेलंही धरलं जातं. ५ए मात्र आधीच गोठलेली. समजा ५ए मध्ये २,००,००० आणि ६ मध्ये २,०८,०००, की झाले १०४ टक्के. याचा अर्थ "सगळ्या मुलांचे वडील ठरले" असा काढू नका.

शिवाय काही राज्यं हा पर्याय न घेता संपूर्ण राज्यातल्या जन्मांवरचा घेतात: ओळ ९ (या वर्षी राज्यात पितृत्व ठरलेली मुलं) भागिले ८ए (मागच्या वर्षी राज्यात लग्नाबाहेर जन्मलेली). कोणत्या राज्याने कोणता घेतला याचा वेगळा कॉलम करा, नाहीतर तुलना फुकट. आणि वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असतं, हे शीर्षकातच लिहून टाका.

दुहेरी_नोंद
दुसऱ्याचं उत्तर: नाही. आई एका राज्यात, वडील दुसऱ्या राज्यात असतील तर केस दोन्हीकडे मोजली जाते, पाठवणाऱ्याकडेही आणि स्वीकारणाऱ्याकडेही. त्यामुळे बेरीज फुगते. अशा केसेस ओळ १ च्या पोटओळींत वेगळ्या दाखवलेल्या असतात. निदान दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचा आकडा शेजारी ठेवा. "राज्यं" म्हणताना ५४ कार्यक्रम मोजा: ५० राज्यं, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया, प्वेर्तो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स. आदिवासी कार्यक्रमांचा अहवाल वेगळ्या फॉर्मवर जातो, ओसीएसई-७५. तो यात मिसळू नका.

तिसऱ्यात मोजायची वस्तूच वेगळी आहे. १५७ फक्त फोर-डी केसेसचा, म्हणजे सरकारी कार्यक्रमात आलेल्या. जनगणना ब्युरोची पाहणी दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये होते, ती मूल सांभाळणाऱ्या पालकाला आधीच्या कॅलेंडर वर्षाबद्दल विचारते, आणि आपसात पैसे देणारे-घेणारेही तिच्यात येतात. तिकडे पालक मोजतात, इकडे केस आणि डॉलर. जुळायलाच नकोत. एकाच आलेखावर ते काढणं हा सर्वांत जास्त दिसणारा घोटाळा.

खतावणी
२५/२४ बद्दल अजून एक. हे डॉलरचं गुणोत्तर आहे, माणसांचं नाही. महिना ४०० डॉलरचा आदेश असेल तर वर्षाचे ४,८०० ओळ २४ मध्ये. त्यातले चालू पोटगी म्हणून ३,००० वाटप झाले तर २५ मध्ये ३,०००. म्हणजे ६२.५ टक्के, पण "६२.५ टक्के वडील पैसे देतात" हे वाक्य चूक. आणि देशाची टक्केवारी काढताना राज्यांच्या टक्केवारींची सरासरी नको. आधी सगळे डॉलर मिळवा, मग भागा.

आकडेमोड्या
धन्यवाद मंडळी, पहिले तिन्ही सुटले. थकबाकीसाठी मी २७ (थकबाकीपोटी वाटप झालेले डॉलर) भागिले २६ (एकूण थकबाकी) घेतलंय. ते तरी ठीक?

दुहेरी_नोंद
अधिकृत निकषासाठी नाही. तिथे २९ (थकबाकीपोटी पैसे आलेल्या केसेस) भागिले २८ (थकबाकी असलेल्या केसेस) लागतं, आणि त्या ओळी *केसेसच्या* आहेत. वर्षात दहा डॉलर थकबाकी आली तरी ती केस २९ मध्ये बसू शकते. म्हणून हा आकडा बरा दिसतो आणि डॉलरचा मात्र दीनवाणा. सगळी मेख २९ च्या व्याख्येत आहे: थकबाकीतला काही भाग कुटुंबाचा आणि काही (सरकारी मदत घेतल्यामुळे) राज्याकडे वर्ग झालेला असेल, तर कुटुंबाच्या हातात काही तरी गेलं पाहिजे. सगळी थकबाकी राज्याकडेच वर्ग असेल तर राज्याने ठेवलेली रक्कमही चालते. २७/२६ काढा हवं तर, फक्त त्याला निकष म्हणू नका. २६ मध्ये कित्येक वर्षांची साठलेली बाकी असते, देशभरात १०० अब्ज डॉलरच्या वर.

आकडेमोड्या
मग राज्यांना कामगिरीवर संघीय सरकार देतं त्या प्रोत्साहन निधीचा हिशेब कुठून?

खतावणी
पाच निकष: पितृत्व, पोटगीचे आदेश (ओळ २, म्हणजे आदेश असलेल्या केसेस, भागिले १), चालू वसुली, थकबाकी, आणि खर्चाच्या तुलनेत वसुली. पाचवा १५७ मधून निघतच नाही. त्याला वसुलीसाठी ओसीएसई-३४ आणि खर्चासाठी ओसीएसई-३९६ हे तिमाही फॉर्म लागतात. पहिल्या चारांत ८० टक्क्यांना पूर्ण गुण, पाचव्यात खर्चाच्या एका डॉलरमागे ५ डॉलर वसुलीला. भार पहिल्या तिघांना १, शेवटच्या दोघांना ०.७५. निधी ज्यावर ठरतो तो वसुलीचा पाया काढताना सरकारी रोख मदत घेत असलेल्या आणि पूर्वी घेतलेल्या कुटुंबांची वसुली दुप्पट धरतात.

एक गंमत लक्षात ठेवा: पितृत्वात ८५ टक्के असलेलं राज्य पूर्ण प्रोत्साहन घेतं, पण दंडाची रेषा ९० ला असल्यामुळे त्याला दरवर्षी २ टक्केबिंदूंची वाढ दाखवावीच लागते.

आदेशाच्या निकषात शून्य रकमेचे आणि फक्त थकबाकीचे आदेशही मोजले जातात, तेव्हा ओळ २ जास्त दिसली म्हणून दचकू नका.

दुहेरी_नोंद
शेवटचं: संघीय लेखापरीक्षक या ओळींची विश्वासार्हता तपासतात, मर्यादा ९५ टक्के. एखादी ओळ नापास झाली तर त्या निकषाचं प्रोत्साहन जातं. प्राथमिक अहवालातले आकडे नंतर बदलू शकतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे "प्राथमिक" की "अंतिम" हा कॉलम आत्ताच घाला. दोन आवृत्त्या एकाच शीटमध्ये मिसळल्या की मग निवडत बसावं लागतं.