शस्त्रसंधी, युद्धविराम, कारवाई स्थगिती: कुठे काय लिहावं?

पंचवटीकर:
लेबनॉनच्या एकाच बातमीत शस्त्रसंधी, युद्धविराम, युद्धबंदी असे तीन शब्द वाचले. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनेही हेच विचारलं. फरक आहे असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

देवळालीकर:
ताई, फरक आहे आणि तो पाळायलाच हवा. युद्धविराम, युद्धबंदी म्हणजे लढणं थांबलं, एवढंच. शस्त्रसंधीत ‘संधी’ आहे, म्हणजे अटी आल्या, देखरेख आली, बांधील पक्ष आले. सुरक्षा परिषदेच्या २००६च्या ठराव १७०१ मध्येही हा भेद आहे. आधी युद्धकृत्यं थांबवा असं म्हटलं, कायमची शस्त्रसंधी ही पुढची पायरी ठेवली.

आता २७ नोव्हेंबर २०२४ची शस्त्रसंधी घ्या. लढत होते इस्रायल आणि लेबनॉनमधली सशस्त्र संघटना हिजबुल्ला, पण करार झाला इस्रायल आणि लेबनॉन या दोन सरकारांत. हिजबुल्लाची त्यावर सही नाही. ज्याच्या हातात बंदूक तो कागदावर नाही, आणि कागदावर असलेल्या लेबनॉन सरकारचा त्या बंदुकीवर ताबा नाही. इस्रायली सैन्याने ६० दिवसांत दक्षिण लेबनॉनमधून मागे जायचं होतं. मुदत १८ फेब्रुवारी २०२५पर्यंत वाढली, तरी पाच ठाणी त्यांनी सोडली नाहीत, हल्लेही त्यांनी चालू ठेवले. अशा वेळी ‘शस्त्रसंधीचं उल्लंघन झालं’ एवढंच छापलेलं वाचलं की मला राग येतो. कुणी केलं ते लिहा. माणसं मरतात तिथे कर्ता गाळून चालत नाही.

सिन्नरकर:
काका, आपल्याकडच्या बातम्यांत ‘कारवाई स्थगिती’ येतं, ते यातलंच का?

देवळालीकर:
नाही, आणि तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. मे २०१८ मध्ये काश्मीरमध्ये रमजानपुरती केंद्राने दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई थांबवली, जूनमध्ये पुन्हा सुरू केली. समोरच्याशी करार नव्हता, म्हणून शस्त्रसंधी म्हणणं चूक. एनएससीएन (आय-एम) या सशस्त्र नागा संघटनेशी १९९७ मध्ये झाली ती खरी शस्त्रसंधी, दोन्ही बाजूंनी मान्य केलेली. पण जून २००१ मध्ये तिची मुदत वाढवताना ‘प्रादेशिक मर्यादेविना’ एवढे शब्द घातले, म्हणजे ती नागालँडबाहेर मणिपुरातही लागू होणार, आणि मणिपूर पेटलं. आपल्या राज्याचे तुकडे पडणार, असा अर्थ तिथल्या लोकांनी घेतला. १८ जूनला इंफाळमध्ये विधानसभेची इमारत जाळली गेली, गोळीबारात १८ जण गेले. पुढच्याच महिन्यात ते शब्द काढावे लागले. म्हणून म्हणतो, इथे शब्द सैल वापरू नका.

पंचवटीकर:
आणि ‘तह’? जुन्या लोकांच्या बोलण्यात तोच येतो.

देवळालीकर:
तहात मुलूख, किल्ले, खंडणी यांचा निकाल लागतो. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, २३ किल्ले द्यावे लागले. लेबनॉनच्या त्या करारात असा कसलाच निकाल नाही, तेव्हा तिथे तह लिहू नये.